वायफाय कुणाच्या नावावर?

मानसरोवर स्टेशनाच्या आसपासची कामोठ्यातली कोणतीही इमारत घ्या. फोनवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची नावं एकाखाली एक येतात: आडनावं, मुलांची लाडकी नावं, 'जय मल्हार', नाहीतर इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं नाव आणि पुढे चार आकडे. जवळपास प्रत्येकापुढे चिमुकलं कुलूप. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि बेलापूर, महापे, ऐरोलीला जाणारी इथली मंडळी घरात बसून काम करू लागली. घरून काम करण्यावरच्या अटी दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात सैल केल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० ला त्यांतल्या बहुतेक काढूनच टाकल्या. तेव्हापासून ऑफिसचा लॅपटॉप आणि घरचं वायफाय यांचं लग्न लावून देणं हा एक स्वतंत्र व्यवसायच झाला आहे.

माझ्या ओळखीच्या एका घरात या विषयावर मामा-भाचीचं पटत नाही. भाची एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर काम करते. नांदेडपासून कणकवलीपर्यंतचे लोक घरून फोन करतात आणि ती कामोठ्यातल्या आतल्या खोलीतून त्यांचे लॅपटॉप जोडून देते. मामा टेलिफोन खात्यातले. ३१ जानेवारी २०२० च्या मोठ्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलेले. दोघांचं बोलणं झालं तसं देतो. मध्ये जिथे मी तोंड घातलं आहे ते कळेलच.

भाची: समोरच्याची शिफ्ट नऊला सुरू होते आणि मला फोन येतो आठ पन्नासला. त्या दहा मिनिटांत त्याला कामाला लावायचं. बाकीचं तत्त्वज्ञान नंतर.

मामा: त्या दहा मिनिटांत तू त्याला काय काय करायला लावतेस, तेच मला खटकतं.

भाची: आधी विचारते, घरातला दुसरा कुठला फोन त्याच वायफायवर चालतोय का. आणि मोबाईल डेटा बंद करून बघा म्हणते, कारण बऱ्याच जणांचा फोन डेटावर चालत असतो आणि ते छातीठोक सांगतात की वायफाय सुरू आहे. मग स्क्रीनवर काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचायला लावते. सगळ्यात अवघड काम हेच. 'काहीतरी एरर येतोय' याच्या पुढे माणूस जात नाही.

मामा: आमच्याकडे 'फोन डेड आहे' एवढंच सांगायचे लोक. पण आमचा लाइनमन घरी जायचा गं. तू जात नाहीस.

भाची: जात नाही, आणि बघूही शकत नाही. स्क्रीन माझ्याकडे घ्यायची तर त्या लॅपटॉपला नेट हवं, आणि नेट नाही म्हणून तर फोन आलाय! शेवटी मोबाईलचं हॉटस्पॉट लावायला सांगते, किंवा व्हिडिओ कॉल करून कॅमेरा लॅपटॉपकडे धरा म्हणते. मग दिसतो अर्धा पंखा आणि कॅलेंडर.

इथे भाचीने जे सांगितलं ते मला फार उपयोगाचं वाटलं. लॅपटॉप जोडला जात नाही ही एक तक्रार नसते, तीन-चार वेगळ्या तक्रारी असतात. यादीत आपलं नावच दिसत नाही, ही एक. नाव दिसतं पण पासवर्ड चूक म्हणतो, ही दुसरी. तिसरीत लॅपटॉप जोडला जातो आणि नेट मात्र येत नाही. प्रत्येकीचं मूळ निराळं, आणि फोनवरून इलाज करायचा तर ती कोणती, एवढंच आधी कळायला हवं.

भाची: पहिलीचं गाणं ठरलेलं आहे. घरातल्या राउटरवर दोन नावं असतात, एक साधं आणि एकाला शेपटी '५जी'. लोकांना वाटतं हे मोबाईलचं फाइव्ह-जी, म्हणजे भारी. त्याचा मोबाईलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, ते पाच गिगाहर्ट्झ. जुन्या लॅपटॉपला ते दिसतच नाही. नव्याला दिसतं, पण दोन भिंती मध्ये आल्या की दमतं. साधं म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचं, ते भिंतीपलीकडे जास्त पोचतं पण हळू, आणि त्याच पट्ट्यात सगळ्या इमारतीची गर्दी. एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तिथे तीनच, १, ६ आणि ११. त्यातून राउटर कुठे, तर दारावरच्या माळ्यावर किंवा चपलांच्या कपाटामागे, कारण फायबर तिथून आत आलं. माणूस कामाला कुठे, तर शेवटच्या बेडरूममध्ये, कारण बाहेर टीव्ही.

मामा: हे मान्य. तारेचं जे ते हवेचं.

भाची: दुसरी तक्रार जुन्या पासवर्डची. राउटरचा पासवर्ड बदलला, घरातल्या फोनांवर नवा टाकला, आठ दिवसांनी ऑफिसचा लॅपटॉप उघडला. त्याच्या डोक्यात जुनाच साठवलेला. त्याला ते नाव आधी विसरायला लावायचं, मग नव्याने जोडायचं. मजा तिसऱ्या तक्रारीत आहे. विंडोजच्या कित्येक लॅपटॉपांवर लिहून येतं, 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड'. लोक म्हणतात, मॅडम, ते सिक्युअर्ड झालंय म्हणून नेट येत नाही, तेवढं सिक्युअर्ड काढून द्या.

मामा: आणि तू काढून देतेस.

भाची: नाही हो! सिक्युअर्ड आहे म्हणजे पासवर्ड जुळला, तो भाग झाला. बिघाड पुढे आहे. एकतर राउटरने लॅपटॉपला पत्ता दिला नाही. तेव्हा पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, तो लॅपटॉपने स्वतःच्या मनाने घेतलेला असतो. किंवा पत्ता बरोबर, १९२.१६८ वाला, पण बाहेरची लाइनच बंद. मग मी कितीही घसा कोरडा केला तरी उपयोग नाही, केबलवाल्याला फोन करा.

मामांचा खरा आक्षेप यानंतर आला. भाचीने सहज बोलून दाखवलं की कधी कधी कारण सापडेना झालं तर पाच मिनिटं वायफायचं कुलूप काढून बघणं हा सरळ उपाय आहे. कुलूप काढून लॅपटॉप लागला तर दोष पासवर्डात, नाही लागला तर दुसरीकडे.

मामा: पाच मिनिटं! टेलिफोन खात्यात तात्पुरती जोडलेली वायर मी निवृत्त होईपर्यंत तशीच बघितली आहे. एकदा काढलेलं कुलूप परत कोण लावतो?

भाची: मी लावून घेते.

मामा: तुझा कॉल सात मिनिटांत बंद व्हायला हवा ना? मग कधी लावून घेतेस? आणि तुझ्या कंपनीचं काय बिघडतं त्यात? तुमच्या लॅपटॉपात व्हीपीएन आहे. ऑफिसचं सगळं त्यातून गुंडाळून जातं, वायफाय उघडं असलं तरी तुमचं गुपित सुरक्षित. उघडा पडतो तो घरमालक.

भाची: घरमालकाचं काय चोरणार? आज बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळंच आतून बंद असतं.

मामा: चोरणार नाहीत, वापरणार. सानपाडा आठवतं? नसेल, तू शाळेत होतीस. २६ जुलै २००८, अहमदाबादचे बॉम्बस्फोट. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तो थेट आपल्या नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीत. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाच्या इंटरनेटवरून तो गेला होता. त्याचा कशाशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं. पण चौकशी त्याची झाली, संगणक त्याचे तपासले गेले आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत नाव त्याचं आलं.

भाची: ती एक घटना.

मामा: एक नाही. पुढच्या महिन्यात माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वायफाय, आणि सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं. तीन महिन्यांत तीनदा, तिन्ही इथलीच.

भाचीकडे याला लगेच उत्तर नव्हतं. मामांनी मग एक जुनी गोष्ट काढली, आणि मुद्दा मला तिथे पुरता कळला. ज्यांच्या घरी काळा फोन होता त्यांना आठवेल, डायलच्या भोकात लावायचं पितळी कुलूप मिळायचं. पुढे एसटीडीला कोड टाकून बंद करायची सोय आली. ते कुलूप आपलं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून नव्हतं. बोलणारा कुणीही असो, बिल ज्याच्या नावावर फोन त्याला यायचं, आणि खाली टेलिफोनच्या जोडपेटीत वायर अडकवून कुणी दुबईला बोललं तरी ते भरायचं घरमालकाने. वायफायचंही नेमकं तसंच आहे. घरातले चार फोन, टीव्ही, पाहुण्याचा टॅब आणि जिन्यात बसलेला अनोळखी मुलगा, बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पत्ता एकच दिसतो, आणि तो कनेक्शन घेणाऱ्याच्या नावावर असतो. हेल्पडेस्क कंपनीच्या लॅपटॉपची काळजी वाहतो. घरमालकाच्या नावाची काळजी वाहणारं त्या फोनवर कुणीच नसतं.

भाची: ठीक. कुलूप काढायचं नाही. पण मग कुलूप कसलं ठेवायचं तेही तूच सांग. परवा एका बाईंचा पासवर्ड त्यांच्या मुलाने लावलेला. कॅपिटल एस, मग ॲट द रेट, मग शून्य की ओ ते त्यांनाही माहीत नाही, मग डॉलर. फोनवर बी, डी, पी, टी सगळं सारखंच ऐकू येतं. पी पुण्याचा, एन नाशिकचा असं करत करत पंधरा मिनिटं गेली.

मामा: त्यांनी तुला पासवर्ड सांगितला?

भाची: मी मागत नाही. मी म्हणते, तुम्ही टाका आणि शेजारच्या डोळ्याच्या खुणेवर दाबून स्वतः वाचा. पण लोक सांगतातच. गॅलरीत उभं राहून, मोठ्याने.

मामा: आणि बाकीच्यांचा पासवर्ड काय असतो ते मी सांगतो. वायफाय बसवायला आलेला मुलगा विचारतो, काका पासवर्ड काय ठेवू? काका म्हणतात, ठेव काहीतरी. तो काकांचा मोबाईल नंबर ठेवतो. दहा आकडे, लक्षात राहतो, सगळे खूश.

भाची: फोनवर सांगायलाही सोपा!

मामा: तोडायलाही. ऐक. वायफायचा पासवर्ड हवेतून जात नाही, हे बरंय. राउटर आणि लॅपटॉप एकमेकांना चार निरोप पाठवतात आणि आपल्याला पासवर्ड माहीत आहे एवढं सिद्ध करतात. पण ते चार निरोप खाली पार्किंगमध्ये उभा राहिलेला माणूस टिपून घेऊ शकतो, घरी नेऊ शकतो आणि निवांत एकेक पासवर्ड लावून बघू शकतो. २००४ पासून चालत आलेल्या डब्ल्यूपीए-टू या वायफायच्या कुलपाचं हे दुखणं आहे. आपला मोबाईल नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. ऐकायला मोठा आकडा. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख लावून बघतं. कर हिशोब.

भाची: चार हजार सेकंद. तास-सव्वा तास.

मामा: आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर आधीच असेल तर तेवढाही नाही.

भाची: २०१८ ला डब्ल्यूपीए-थ्री आलंय की. त्यात टिपून नेऊन घरी तोडायची सोयच नाही.

मामा: मग ते लावायला सांग.

भाची: आणि दुसऱ्या दिवशी मलाच फोन, की जुन्या लॅपटॉपला वायफाय लागत नाही. राउटरवर दोन्ही मिळून चालणारी सेटिंग असते, मी ती सुचवते. आणि फार घाई असेल तर राउटरचं डब्ल्यूपीएसचं बटण. दाबलं की दोन मिनिटं दार उघडं, पासवर्ड टाकायलाच नको.

मामा: बटणाला माझी हरकत नाही. पण त्या बटणासोबत आठ आकड्यांचा पिन येतो, तो बंद कर म्हणावं. २०११ च्या डिसेंबरात त्याचं पितळ उघडं पडलं. राउटर तो पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा. म्हणजे दहा कोटींऐवजी जेमतेम ११ हजार प्रयत्न पुरतात.

या मुद्द्यावर दोघं बराच वेळ एकमेकांना आकडे ऐकवत राहिली. मग मी विचारलं, अवघड पासवर्ड आणि फोनवर सांगता येणारा पासवर्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत असं तुम्ही दोघं का धरून चालला आहात? पासवर्ड आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत चालतो, मधली मोकळी जागाही चालते. खुणा-चिन्हांची गिचमिड करण्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच साधे शब्द ओळीने ठेवले, तर लांबीच इतकी होते की ग्राफिक्स कार्डाला घाम फुटेल.

भाची: तुम्ही मराठी शब्द म्हणताय ना? मग ऐका माझा अनुभव. 'वेलची' हा शब्द. सुरुवातीला व्ही की डब्ल्यू? शेवटी आय की डबल ई? आई एक लिहिते, मुलगी दुसरं. 'धोतर' म्हटलं तर एच घालायचा का? रोमन लिपीत आपल्या प्रत्येक घराचं शुद्धलेखन वेगळं.

मामा: मग ज्याचं स्पेलिंग पाटीवर रोज दिसतं ते शब्द घ्यायचे. पनवेल, दादर, कुर्ला.

भाची: लोणावळा नको. त्याचं पाटीवरसुद्धा दोन तऱ्हेने दिसतं.

मामा: आणि चारही स्टेशनं एकाच लायनीवरची नकोत. एक स्टेशन, एक बिस्किटाचं नाव, एक औषध, एक नट.

भाची: हे मी उद्यापासून सांगते. खरंच सांगते.

माझं मत विचाराल तर पूर्ण वादात मला पटलेली गोष्ट हीच, आणि ती तांत्रिक नाहीच. फोनवरून होणारी मदत अडते ती कुलपामुळे नाही. कुलपाची किल्ली त्या घरात कुणाकडेच नसते म्हणून अडते. पासवर्ड बसवणाऱ्या मुलाने ठेवलेला, कागद हरवलेला, मुलगा पुण्याला. वर आणखी एक दुसरा पासवर्ड असतो हे तर कित्येकांना ठाऊकच नसतं. राउटरच्या आत शिरण्याचा पासवर्ड, जो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा. तो बऱ्याच घरी कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो, 'ॲडमिन' आणि 'ॲडमिन'. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवावा का, यावर मामांनी नाक मुरडलं. मला त्यात काही वावगं दिसत नाही. हवेतून येणारा चोर कपाटाच्या खणापर्यंत येत नाही.

राहिला ऑफिसचा लॅपटॉप. मामांचं म्हणणं, त्याला घरच्यांत बसवूच नये. बऱ्याच राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळं नाव काढता येतं. ऑफिसच्या लॅपटॉपला तिथे ठेवावं, म्हणजे मुलाच्या फोनमधला किडा कंपनीत जायचा नाही आणि कंपनीची नजर घरच्या कॅमेऱ्यावर पडायची नाही. भाचीला कल्पना आवडली नाही. तिथून घरचा प्रिंटर दिसत नाही आणि मग त्याचाही फोन तिलाच येतो. मला मामांचं बरोबर वाटतं. घरी बसून किती जण दिवसाला कागद छापतात?

शेवटचा वाद अनोळखी फोनचा. भाची म्हणाली, मी अमुक कंपनीच्या हेल्पडेस्कवरून बोलतेय म्हटलं की लोक आता घाबरून फोन ठेवतात, मला मीच खरी आहे हे पटवत बसावं लागतं.

मामा: घाबरतात ते चांगलं करतात. 'तुमचं वायफाय बंद होणार आहे, हे ॲप उतरवून घ्या, स्क्रीन शेअर करा' म्हणणारे भामटे याच वाटेने खाती रिकामी करतात.

भाची: मग खरी मदत ओळखायची कशी?

मामा: फोन कुणी केला ते बघायचं. तुम्ही कंपनीच्या नंबरवर केलात तर मदत, त्यांनी आपणहून केला तर संशय. तू स्वतः सांग, परत माझ्या कंपनीच्या नंबरवर फोन करा. दोन मिनिटं जास्त गेली तर गेली.

भाचीने हे मात्र बिनतक्रार मान्य केलं. तिच्या टीममध्ये तसा नियम आहेच म्हणाली, घाईत पाळला जात नाही इतकंच.

तेव्हा वाचकहो, लॅपटॉप अडण्याची वाट न बघता एखाद्या सुट्टीच्या दिवशी राउटर कपाटामागून काढा आणि त्याच्या पाठीवरची चिकटपट्टी वाचा. वायफायचा पासवर्ड मोबाईल नंबर असेल तर बदला, राउटरच्या आतला 'ॲडमिन' असेल तर तोही बदला, दोन्ही वहीत लिहा आणि वही कुठे आहे ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा. आणि कुणी फोनवर फसवलंच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे असतील तर पहिला तासच महत्त्वाचा असतो.